वडाच्या डहाळीचा ठसा: कागदावरून कापडावर

निसर्गातली नक्षी लाकडी ठशाने कापडावर आणायची म्हटली की बहुतेक जण एक सुटं पान काढतात आणि तेच कापडभर पसरतात. लांबून ते नुसते ठिपके दिसतात, झाड कोणतं ते कळत नाही. झाड ओळखू येतं ते त्याच्या वाढीवरून, आणि नक्षी पुन्हापुन्हा कशी बसवायची हेही तीच वाढ सांगते. म्हणून पान नको, डहाळी घ्या. वडोदऱ्यात वडाचीच घ्यावी. शहराचं नावही त्याच्यावरूनच आलं आहे.

शहरातल्या कमाटीबागेत किंवा घराजवळच्या वडाखाली पडलेली तीन-चार पानांची ताजी डहाळी उचला, तोडू नका. त्याच दिवशी खऱ्या मापात चित्र काढा, कारण सुकताना पान वळतं आणि शिरांची वळणं बदलतात. नीट पाहा: पानं समोरासमोर नसतात, एक डावीकडे तर पुढचं थोडं वर उजवीकडे. देठाच्या बेचक्यात फळं जोडीने असतात आणि त्यांना स्वतःचा देठ नसतो, ती फांदीला थेट चिकटलेली असतात. शेंड्याला नवं पान टोकदार आवरणात गुंडाळलेलं असतं. पान जाड, टोक बोथट, शिरा फिकट पिवळसर. एवढं जमलं की वड झाला. लांब शेपटीचं टोक काढलंत तर पिंपळ होईल, आणि ती बारीक शेपटी ठशाच्या लाकडात टिकतही नाही; चार दिवसांत तुटते. कडुनिंबाच्या करवती कडा लहान मापात रंगाने भरून जातात. झाड निवडताना हत्याराचा विचार आधी करावा तो यासाठी.

आता चित्र लहान करा, पान साधारण अडीच इंच लांब. शिरा रेषेने काढू नका, कोऱ्या सोडा. हिरव्या पानात कापडाचा पांढरा रंगच शीर म्हणून दिसतो, वडाला तो शोभतो, आणि बाह्यरेषेचा वेगळा ठसा करावा लागत नाही. कोरी शीर दीड मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, नाहीतर दहा-बारा छापांत ती बुजते. फळांचा लाल ठसा वेगळा. दोन रंग, दोन ठसे. तिसरा रंग वाढवला की खर्च आणि जुळवणीच्या चुका दोन्ही वाढतात.

ठशाचं माप ठरवण्याआधी कापड धुऊन पन्हा मोजा. 44 इंची सुती कापड धुतल्यावर 42 इंच उरलं, तर 6 इंचाचा ठसा बरोबर सात वेळा बसतो. 5 इंचाचा घेतलात तर आठ वेळा बसून 2 इंच कोरे राहतात. एका उभ्या रांगेनंतर पुढची रांग 3 इंच खाली सरकवा. पानांची डावी-उजवी चढण तशीच कापडभर चालू राहते आणि आडवे पट्टे पडत नाहीत. नक्षीच्या नऊ झेरॉक्स काढून भिंतीवर चिकटवा आणि सहा-सात फुटांवरून बघा. कोऱ्या जागांची तिरकी वाट दिसली तर तिथे एखादं फळ किंवा कोंब सरकवा. ड्रेसच्या कापडासाठी एका डहाळीचं टोक वर, पुढचीचं खाली ठेवा; सगळी टोकं एकाच दिशेला असतील तर शिंप्याला जास्त कापड लागतं.

ठसे सागवानात कोरून घ्या. गांधीनगरजवळचं पेथापूर या कामासाठी प्रसिद्ध आहे. गुजरातीत ठशाला बीबुं म्हणतात. छाप चित्राप्रमाणेच उमटायला हवी, उलटी नको, हे स्पष्ट सांगा. दोन्ही ठशांच्या कोपऱ्यांवर जुळवणीचे ठिपके आणि हवा जायला आरपार भोकं ठेवायला सांगा. भोकं नसतील तर पानाच्या मधोमध फिकट डाग राहतो. नवे ठसे आठ-दहा दिवस तेलात बुडवून ठेवा, म्हणजे लाकूड पाण्याने वाकत नाही.

कापडातली खळ पूर्ण निघाली पाहिजे. रात्रभर भिजवा, मग दर किलो कापडाला 20 लिटर पाणी, 20 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाका; लगेच शोषला गेला तर कापड तयार, तरंगत राहिला तर पुन्हा उकळा. इथे घाई केली की रंग वरवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात जातो.

एक किलो रंगासाठी पिगमेंट (रंगद्रव्य) 40 ग्रॅम, बाइंडर (रंग कापडाला चिकटवणारा) 120 ग्रॅम, फिक्सर (रंग पक्का करणारा) 10 ग्रॅम आणि बाकी थिकनरची (दाटपणा देणारी) तयार पेस्ट. दाटपणा फेटलेल्या दह्याइतका हवा. पातळ झाला तर पानाच्या कडा फुटतात. टेबलावर गोणपाट आणि घोंगडीचे थर घालून वर सुती कापड ताणा. कडक टेबलावर ठसा मध्ये उमटतच नाही. ठसा रंगाच्या गादीवर दोनदा हलका टेकवा, कापडावर ठेवा आणि मुठीने एकदाच ठोका. वडोदऱ्याच्या मे महिन्यात रंग कोरीव कामातच वाळतो, म्हणून दर वीस-पंचवीस छापांनंतर ठसा ओल्या ब्रशने घासा. आधी सगळी पानं छापा, ती वाळू द्या, मगच लाल फळं. ओल्यावर ओलं टेकलं की फळ तपकिरी होतं.

एक दिवस वाळवून रंग पक्का करा: 150 अंश सेल्सिअसवर 4 ते 5 मिनिटं. घरी इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर ठेवून, वाफ बंद करून, उलट बाजूने दर जागी तीन-चार मिनिटं फिरवत राहा. पावसाळ्यात वाळायला दोन दिवसही लागतात. ओलसर कापडावर इस्त्री केली तर रंग पक्का होत नाही. शेवटी ओल्या पांढऱ्या फडक्याने छाप घासून बघा. फडकं हिरवं झालं तर पुन्हा इस्त्री करा आणि कापड तीन दिवस तरी धुऊ नका.