नेत्यावर गोळीबार झाला तर: कार्यकर्त्यांसाठी पहिल्या तासाची कामं

१२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याची रात्र. वांद्रे पूर्वेला मुलाच्या कार्यालयाबाहेर माजी मंत्री बाबा सिद्दीकींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा आसपास फटाके वाजत होते. रस्त्यावरच्या एका तरुणाच्या पायालाही गोळी लागली. व्यासपीठापेक्षा दार ते गाडी हा पट्टा जास्त धोक्याचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी तोच मोकळा सोडलेला असतो.

म्हणून गाडी दाराला खेटून उभी करा आणि ड्रायव्हरला आत बसवून ठेवा. हार, निवेदनं, सेल्फी सगळं आतच उरकून घ्या. अंगरक्षकाला खेटून चालणारे कार्यकर्ते त्याची नजर आणि हात दोन्ही अडवतात, त्यांना चार पावलं मागे ठेवा. पाठीमागे बघणारा एक माणूस हवाच. जुलै २०२२ मध्ये जपानच्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंजो आबेंवरचा हल्ला मागूनच झाला, आणि पहिल्या-दुसऱ्या गोळीच्या मधल्या दोन-अडीच सेकंदांत कुणी त्यांना खाली ओढलं नाही.

आवाज आला की फटाका की गोळी याचा विचार करत उभं राहू नका. खाली वाका आणि काँक्रीटच्या भिंतीआड किंवा गाडीच्या इंजिनाच्या बाजूला जा. गाडीचं दार गोळी अडवत नाही. हल्लेखोरामागे सगळ्यांनी धावायचं नाही. अंगरक्षकाचं पहिलं काम नेत्याला तिथून हलवणं हे आहे. एकाने ११२ लावायचा, दुसऱ्याने १०८. दोघांनी आधी ठिकाण सांगायचं, नाव नंतर.

रक्त थांबवणं हे सगळ्यात मोठं काम. हात-पायातून धार लागली असेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांधा सोडून, दोन इंच रुंद कापडाची पट्टी बांधा. गाठीत पेन नको, मोडतं. जाड काठी किंवा पाना अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा. दोरी किंवा वायर कातडीत रुतते, धमनी मात्र दाबली जात नाही. पट्टी सैल राहिली तर वरवरच्या शिरा तेवढ्या बंद होतात, धमनी वाहतच राहते आणि रक्त उलट जास्त जातं. दुखणारच, सैल करू नका. बांधल्याची वेळ कपाळावर पेनाने लिहा. जांघ-काखेत स्वच्छ कापड खोलवर कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरा, उचलून बघू नका. छाती-पोटाच्या जखमेत काही कोंबायचं नाही. पाणी पाजायचं नाही.

रुग्णालय निवडताना ओळखीचं कुठलं हे विसरा, सर्जन आणि रक्तपेढी कुठे आहे ते बघा. पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही असं कुणी म्हटलं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा परमानंद कटारा निकाल सांगा: आधी उपचार, मग कागद. फाटकावर पाच-सहा माणसं पुरतात. उरलेला जमाव रुग्णवाहिकेचीच वाट अडवतो.

घटनास्थळी गोळ्यांच्या पुंगळ्या, चपला, खुर्च्या जशा आहेत तशा राहू द्या. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) बंद करू नका, फॉरमॅट तर नकोच. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत टिपा. डीव्हीआरचं घड्याळ बरेचदा मागे-पुढे असतं, आणि पुढे हल्लेखोराच्या येण्या-जाण्याच्या वेळा जुळवताना तोच फरक नडतो. चित्रणाची कॉपी पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं.

बाकी राहिला मोबाइल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लगेच ‘फक्त ॲडमिन’वर टाका. फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. जखमींचा व्हिडिओ पुढे पाठवू नका. हल्लेखोराची जात, धर्म, टोळी पोलिसांनी सांगेपर्यंत लिहू नका; जबाबदारी घेणाऱ्या पोस्टचंही तसंच. खोट्या अफवेला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ लागू शकतं. प्रकृतीची बातमी डॉक्टर सांगतील, बाकी एकच माणूस बोलेल.

बंदची हाक त्याच रात्री देऊ नका. नेता दगावला तर अंत्ययात्रेचा मार्ग आधी पोलिसांशी ठरवा, कारण तिथे बाकीचे नेते एका जागी येतात आणि गाडीपाशी तीच गर्दी पुन्हा होते.