सिस्टिम रखडली की घाईत होणाऱ्या चुका: या टाळा

सेल सुरू झालाय किंवा महिन्याची १ तारीख आहे, आणि अ‍ॅप रखडतंय. टीमच्या ग्रुपवर लगेच उपायांची रांग लागते: पूल (डेटाबेसला जोडलेल्या तयार कनेक्शन्सचा साठा) वाढवा, रीट्राय (फसलेली रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं) लावा, रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारं टूल) टाका, एक रेप्लिका (डेटाबेसची चालती प्रत) उभी करा. यातला एकही उपाय मुळात चुकीचा नाही. पण प्रत्येक उपाय एका जागेचा भार उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो, आणि तो नक्की कुठे ठेवला हे त्या गडबडीत कुणी विचारत नाही. पुढच्या महिन्यात भलतंच काहीतरी कोसळतं, आणि सगळे म्हणतात, ‘पण आपण तर हे फिक्स केलं होतं ना?’

खालची उदाहरणं बरीचशी पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत. दुसरा डेटाबेस असेल तर आकडे बदलतील, दुखणं तेच राहील.

पूल वाढवून बघू

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस चालते. डीफॉल्ट मर्यादा १००. अ‍ॅपचे १२ इन्स्टन्स (चालू प्रती), प्रत्येकाचा पूल २०चा, म्हणजे झाले २४०. एरवी सगळे पूल एकदम भरत नाहीत म्हणून हे खपून जातं. गर्दी वाढली की ऑटोस्केलिंग आणखी इन्स्टन्स उभे करतं, ते आणखी कनेक्शन्स मागतात, आणि नको त्या वेळी लॉगमध्ये ‘टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ दिसायला लागतं. मग कुणीतरी मर्यादा ५०० करतं. एरर जाते खरी, पण आता ८ कोअरच्या मशीनवर ५०० प्रोसेस एकमेकींच्या अंगावर पडतात आणि ज्या क्वेरी बऱ्या चालल्या होत्या त्याही मंदावतात.

त्याआधी एक साधा गुणाकार करा. सेकंदाला २०० क्वेरी आणि प्रत्येकीला २० मिलीसेकंद, म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी ४ कनेक्शन्स कामात असतात. त्याच क्वेरी २ सेकंद घ्यायला लागल्या तर ४०० लागतील. पूल संपला हे नुसतं लक्षण आहे. कनेक्शन इतका वेळ धरून कोण बसलंय ते शोधा.

त्यासाठी ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ (चालू कनेक्शन्सची यादी) उघडा आणि स्टेटचा कॉलम वाचा. तिथे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’च्या ओळी (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्के होणारे बदल, उघडं ठेवून नुसती बसलेली कनेक्शन्स) दिसल्या की चोर बहुतेक वेळा सापडलाच म्हणून समजा. कोड असा असतो: ट्रान्झॅक्शन सुरू, ऑर्डरची रो लॉक, मग पेमेंट गेटवेला कॉल, उत्तर आलं की कमिट (बदल पक्के). गेटवे २०० मिलीसेकंदांत उत्तर देतो तोवर हे कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. ज्या दिवशी तो ८ सेकंद घेतो त्या दिवशी डेटाबेसचा सीपीयू निवांत, डिस्क निवांत, आणि तरी अख्खा पूल अडकलेला. अशा वेळी मोठं मशीन घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

उपाय म्हणजे बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढायचा. पण तोही फुकट नाही. ऑर्डर सेव्ह झाली आणि कॉल जायच्या आत प्रोसेस मेली तर काय? म्हणून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात ‘हे पाठवायचंय’ अशी एक रो टाकतात आणि वेगळा वर्कर ती उचलून पाठवतो. बदल्यात दोन गोष्टी पत्करायच्या: निरोप थोडा उशिरा जातो, आणि कधीकधी दोनदा जातो. एसएमएस दोनदा गेला तर लोक वैतागतात, पैसे दोनदा कापले तर तक्रार करतात.

पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन्स अनेकांत वाटणारं टूल) लावणार असाल तर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं तेव्हा) काय मोडतं ते आधी तपासा. सेशनभर टिकेल असं धरून केलेलं ‘सेट’, ‘लिसन’, सेशन पातळीवरचे अ‍ॅडव्हायझरी लॉक हे सगळं गडबडतं. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरींचा) त्रास १.२१ आवृत्तीपासून कमी झाला, पण तुमच्या आवृत्तीत ते सेटिंग चालू आहे का ते बघा.

रीट्राय लावला की झालं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण रीट्राय सभ्य दिसतो. लायब्ररीत एक ओळ टाकली की झालं.

मोबाइल अ‍ॅप एपीआय गेटवेला (आपल्या सर्व्हिसेसच्या प्रवेशद्वाराला) विचारतं, गेटवे ऑर्डर सर्व्हिसला, ऑर्डर सर्व्हिस इन्व्हेंटरीला. तिघांनीही ‘जास्तीत जास्त ३ प्रयत्न’ लावलेत. इन्व्हेंटरी रखडली की एका माणसाच्या एका क्लिकमागे तिच्यावर २७ रिक्वेस्ट येऊ शकतात. आधीच धापा टाकणाऱ्या सर्व्हिसला आपणच सत्तावीसपट मार देतो, आणि वर ग्राफ दाखवून म्हणतो, बघा, ट्रॅफिक किती वाढला! रीट्राय एकाच थरात ठेवा, बाकीच्यांनी एरर सरळ वर पाठवावी. शिवाय एकूण रिक्वेस्टच्या अमुक टक्क्यांपेक्षा जास्त रीट्राय जाणार नाहीत अशी मर्यादा घाला. १० टक्के हा सुरुवातीला बरा आकडा आहे.

दुसरी खोट ठरावीक अंतराची. सगळे क्लायंट बरोबर १ सेकंदाने पुन्हा आले तर भार कमी होत नाही, तो लाटांनी येतो. तत्काळ तिकिटांसाठी एसी वर्गाचं बुकिंग सकाळी १० वाजता उघडतं आणि नॉन-एसीचं ११ वाजता. त्या मिनिटाला काय होतं ते कुणाला वेगळं सांगायला नको. आपण रात्री १२ला लावलेले क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि जिटरशिवायचे (वेळेत यादृच्छिक फरक नसलेले) रीट्राय घरबसल्या तीच गर्दी तयार करतात. प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करा आणि त्यात यादृच्छिक फरक घाला, इतकं पुरतं.

तिसरी खोट टाइमआउटची. पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी टाइमआउट दिला नाही तर मुळीच लावत नाही. गो भाषेचा डीफॉल्ट एचटीटीपी क्लायंटही तसाच. दिला तरी बऱ्याचदा उलटा दिलेला असतो: बाहेरच्या थराचा १० सेकंद, आतल्याचा ३०. युजर कंटाळून निघून गेला, त्याची रिक्वेस्ट बाहेर कापली गेली, आणि आतली सर्व्हिस अजून २० सेकंद त्याच्यासाठी राबतेय. आत जाल तसा टाइमआउट कमी होत गेला पाहिजे.

आता पैशांचं. टाइमआउट म्हणजे ‘फेल’ नव्हे, टाइमआउट म्हणजे ‘माहीत नाही’. यूपीआय वापरणाऱ्या प्रत्येकाने ‘पेंडिंग’ पाहिलंय, पण आपल्याच कोडमध्ये मात्र एक्सेप्शन पकडून ऑर्डरवर थेट ‘फेल्ड’चा शिक्का मारलेला असतो. तिकडे पैसे कटतात, इकडे ऑर्डर रद्द दिसते. ‘अनिश्चित’ अशी वेगळी अवस्था टेबलात असलीच पाहिजे, आणि ती सोडवणारा, पेमेंट गेटवेला स्टेटस विचारणारा जॉबही हवा.

दोनदा पैसे जाऊ नयेत म्हणून आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली तर ओळखू येण्यासाठीचा खास क्रमांक) लावतात, आणि त्यातही दोन ठरलेल्या चुका होतात. पहिली: की प्रत्येक प्रयत्नाला नवी बनवणे. मग ती असून नसून सारखीच. युजरने बटण दाबलं त्या क्षणी ती एकदा बनली पाहिजे आणि सगळ्या प्रयत्नांत तीच जायला हवी. दुसरी: ‘आधी सिलेक्ट करून बघा, नसेल तर इन्सर्ट करा’. दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर दोघींनाही ‘नाही’ असंच दिसतं आणि दोघी पुढे जातात. कीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच की दोनदा चालणार नाही असा नियम) घाला, आधी इन्सर्ट करा आणि ज्याचं इन्सर्ट जमलं त्यालाच पुढचं काम करू द्या. ‘इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ याचसाठी आहे.

कॅश टाकून टाका

कॅशचा (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणाऱ्या जागेचा) हिट रेट, म्हणजे तिथूनच उत्तर मिळण्याचं प्रमाण, ९५ टक्के आहे म्हणून टीम खूश असते. तो ८० वर आला तर? ऐकायला फरक १५चा आहे, पण डेटाबेसवर जाणाऱ्या रिक्वेस्ट ५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेल्या, म्हणजे चौपट. आणि रेडिस रीस्टार्ट होऊन रिकामा उठला तर सगळंच डेटाबेसवर. दोन वर्षं कॅशमागे लपलेली वाईट क्वेरी त्या दिवशी बाहेर येते. म्हणून क्वेरी आधी सुधारा, मग कॅश लावा. कॅश नसताना सिस्टिम रखडत का होईना पण चालते की कोसळतेच, हे एकदा टेस्टमध्ये बघून ठेवा.

रेडिसचं एक सेटिंग अनेकांच्या नजरेतून सुटतं. मेमरी भरल्यावर काय करायचं याचं डीफॉल्ट धोरण ‘नो एव्हिक्शन’ आहे: जुनं काढून टाकायचं नाही, नवं लिहू द्यायचं नाही. कॅश म्हणून वापरत असाल तर ‘ऑलकीज एलआरयू’सारखं (बराच काळ न वापरलेलं आधी काढणारं) धोरण निवडा. त्याच रेडिसमध्ये जॉबची रांगही ठेवली असेल तर मात्र हेच धोरण तुमचे जॉब गुपचूप उडवू शकतं. दोन कामांना दोन वेगळे इन्स्टन्स ठेवा, बिल थोडं वाढेल.

लोकप्रिय कीची (कॅशमधल्या नोंदीची) मुदत संपली की हजार रिक्वेस्ट एकदम तीच क्वेरी मारतात. एकानेच भरावं, बाकीच्यांनी तोवर जुनं वापरावं अशी सोय करा. ‘जुनं किती वेळ चालेल?’ हा प्रश्न डेव्हलपरने एकट्याने सोडवू नये. प्रॉडक्टच्या माणसाला आकड्यात विचारा. ‘लगेच दिसलं पाहिजे’ हे उत्तर आलं तर बॅलन्सबद्दल बोलतोय की प्रोफाइल फोटोबद्दल, ते पुन्हा विचारा.

रेप्लिका उभी केली, आता निश्चिंत

पहिली तक्रार ठरलेली: ‘पत्ता बदलला, सेव्ह झालं म्हणाला, पान उघडलं तर जुनाच.’ लिहिणं प्रायमरीवर (मूळ डेटाबेसवर), वाचणं मागे पडलेल्या रेप्लिकावर. ज्याने नुकतंच काही लिहिलं त्याचं वाचन काही सेकंद प्रायमरीवरच पाठवा. रिपोर्ट, सर्च, लिस्टिंग खुशाल रेप्लिकावर जाऊ द्या.

खरी परीक्षा फेलओव्हरची, म्हणजे प्रायमरी पडली की रेप्लिकाला तिची जागा देण्याची. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने पश्चिम किनाऱ्यावरचे मायएसक्यूएल डेटाबेस प्रायमरी केले. पूर्वेकडे नुकतंच लिहिलेलं काही पश्चिमेकडे पोचलंच नव्हतं, आणि तोवर पश्चिमेकडे नवं लिखाण सुरू झालं होतं. दोन्हीकडे असं काही, जे दुसरीकडे नाही. पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली, कारण त्यांनी साइट लवकर उठवण्यापेक्षा डेटा शाबूत राखणं निवडलं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. पण निर्णय बरोबर असला तरी प्रश्न उरतोच: आपलं फेलओव्हर आपोआप होतं तेव्हा कोणता डेटा सोडून द्यायचा हे आपण ठरवलंय की टूलच्या डीफॉल्टने?

‘मग सिंक्रोनस रेप्लिकेशन (रेप्लिकाकडे पोचल्याशिवाय कमिट नाही) लावू’ म्हणाल तर अंतर मोजा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई–हैदराबाद जाऊन-येऊन ६ मिलीसेकंदांच्या खाली जाणार नाही, मुंबई–सिंगापूर ३९च्या. प्रत्यक्षात दोन्ही जास्तच. प्रत्येक कमिटमागे एवढं थांबणं परवडतं का? पेमेंटच्या लेजरला परवडेल, पेजव्ह्यू मोजायला नक्कीच नाही. एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही कोंबले असतील तर आधी ते वेगळे करा.

चालू प्रॉडक्शनवर इंडेक्स

इंडेक्स म्हणजे टेबलात लवकर शोधण्यासाठीची सूची. साधं ‘क्रिएट इंडेक्स’ टेबलावरची सगळी रायटिंग थांबवतं. ‘कन्करंटली’ लावा. ते जास्त वेळ घेतं, ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसलं तर ‘इन्व्हॅलिड’ इंडेक्स मागे ठेवतं. तो क्वेरीच्या उपयोगाचा नसतो, पण प्रत्येक रायटला त्याचा भार पडत राहतो. तो शोधून काढून टाका.

पोस्टग्रेस ११पासून स्थिर डीफॉल्ट असलेला कॉलम जोडताना अख्खं टेबल पुन्हा लिहावं लागत नाही, म्हणून ‘अल्टर टेबल’ची भीती गेली. लॉक मात्र लागतोच. एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर तुमचं अल्टर त्याच्यामागे थांबतं आणि त्यानंतर आलेल्या साध्या सिलेक्टही अल्टरच्या मागे रांगेत उभ्या राहतात. ‘लॉक टाइमआउट’ २ सेकंद ठेवा, नाही जमलं तर सोडून द्या, थोड्या वेळाने पुन्हा करा.

मायक्रोसर्व्हिस करून टाकू

हे लवकर उरकतो. रखडण्याचं कारण मोजलं नसेल तर अ‍ॅपचे छोट्या, स्वतंत्र सर्व्हिसेसमध्ये तुकडे केल्याने ते नेटवर्कवर पसरतं आणि शोधायला अवघड होतं. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमने व्हिडिओ दर्जा तपासणारी विखुरलेली व्यवस्था एका प्रोसेसमध्ये आणली आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त घटल्याचं सांगितलं. म्हणून सगळ्यांनी मोनोलिथ (सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये) करावं असं मुळीच नाही. सहा माणसांच्या टीमला पंधरा सर्व्हिसेस मात्र झेपत नाहीत.

रात्री ११ला, थकलेल्या माणसाकडून

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या (गिटहबसारख्याच साइटच्या) डेटाबेसवर स्पॅममुळे भार वाढला, रेप्लिकेशन मागे पडलं. ते पुन्हा जुळवताना इंजिनिअरने रेप्लिकाची समजून प्रायमरीची डेटा डिरेक्टरी पुसली. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप? रोजचा डंप (डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत) होतच नव्हता, कारण डेटाबेस ९.६चा आणि डंपचं टूल ९.२चं. तो फसल्याचे ईमेलही मेल सर्व्हर नाकारत होता. साधारण ६ तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून बरंचसं वाचलं.

प्रायमरीच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल करा. पुसण्याआधी ‘होस्टनेम’ टाइप करून बघा आणि दुसऱ्या माणसाला कॉलवर घ्या. डिलीटऐवजी डिरेक्टरीचं नाव बदला, जागा नंतर मोकळी करता येते. बॅकअप झाला की नाही हे ईमेलवर सोडू नका. शेवटचा बॅकअप २६ तासांपेक्षा जुना किंवा नेहमीपेक्षा फारच लहान असेल तर अलार्म वाजू द्या. आणि महिन्यातून एकदा तो रिकाम्या मशीनवर रीस्टोर करा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मॅनेजर ‘कधी सुरू होईल?’ विचारेल तेव्हा तोच आकडा सांगायचाय.