नाशिकमध्ये लाकडी सर्फबोर्ड: लाकूड कोणतं, बांधणी कशी

वखारीत गेलं की नाशिककराचा हात आधी सागावर पडतो. लाटांवर स्वार होण्याच्या फळीला, म्हणजे सर्फबोर्डाला, साग नको. तो घनमीटरला सुमारे ६५० किलो भरतो आणि अंगच्या तेलामुळे इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) त्याला नीट धरत नाही. ९ फुटी पोकळ बोर्डाला वरची आणि खालची मिळून साधारण सव्वादोन चौरस मीटर फळी लागते. जाडी ६ मिमी धरली तर सागाची पावणेनऊ किलो होते, शिवणीची सहाच्या आसपास, पाउलोनिया या हलक्या लाकडाची चार. पाउलोनिया मिळाला तर दुसरं काही बघूच नका. नाहीतर शिवण घ्या, किंवा सातपूर-अंबडकडच्या भंगारातलं पॅकिंगचं पाइन. पेटीवर ‘एचटी’ शिक्का असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ती पेटी घरी आणू नका.

हवाईतले जुने लांब बोर्ड विलीविलीचे असत. ते झाड आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं, म्हणून पांगाऱ्याचा मोह होईल. पण त्याला बुरशी आणि कीड फार लवकर लागते.

अखंड लाकूड कोरून केलेला ७० लिटरचा शिवणीचा बोर्ड ३० किलोच्या वर जातो. त्यापेक्षा अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांना १९३२ मध्ये ज्याचं पेटंट मिळालं, ती पोकळ बांधणी घरी जमण्यासारखी आहे. मधोमध ६ मिमी मरीन प्लायचा कणा (आयएस ७१० शिक्का पाहूनच घ्या) आणि त्यात दर २५ सेंमीवर खाच पाडून बसवलेल्या फासळ्या. प्रत्येक फासळीला भोक हवंच, म्हणजे आतली हवा सगळीकडे फिरते. फिन (तळाचा पंख), लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) आणि हवेचा स्क्रू (तो कशासाठी ते पुढे येतं) जिथे येणार तिथे भरीव ठोकळे आत्ताच चिकटवा. बोर्ड बंद झाल्यावर ते बसवता येत नाहीत, आणि नुसत्या पातळ फळीत स्क्रू टिकत नाही.

आधी खालची फळी सांगाड्याला जोडा, मग कडेच्या पट्ट्या एकावर एक. क्लॅम्प कमी पडले तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आवळा. साधा पांढरा फेविकॉल पाण्यात सुटतो. इपॉक्सी किंवा पाण्यात टिकणारा पॉलियुरेथेन गोंदच वापरा.

वरची फळी लावण्याआधी आतून सगळीकडे इपॉक्सीचे दोन पातळ हात द्या. हे टाळलं तर बोर्ड हमखास तडकतो. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचं लाकूड पार कोरडं झालेलं असतं. तेच कोकणच्या दमट हवेत गेलं की रुंदीत फुगतं आणि सांधे उकलतात.

बाहेरून चौरस मीटरला २०० ग्रॅमचं काचेच्या धाग्यांचं फायबर कापड आणि इपॉक्सी. पॉलिस्टर रेझिन लाकडावरून सुटून येतं. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत काढा. मेच्या उन्हाळ्यात डब्यातलं मिश्रण बघता बघता तापून घट्ट होतं, डिसेंबरच्या पहाटे ते पसरतच नाही, आणि पावसाळ्यात वर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा हात चिकटत नाही. कापड संध्याकाळी, पारा उतरत असताना लावा. सकाळी लावलं तर लाकडातली हवा तापून बाहेर येते आणि कापडाखाली फोड उठतात.

आता हवेचा स्क्रू. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब सुमारे ७ टक्के कमी असतो. इथे घट्ट बंद केलेला बोर्ड कसारा घाट उतरून समुद्रावर नेला की फळीवर दर चौरस मीटरला जवळपास ७०० किलोइतका भार बाहेरून येतो. फासळ्यांमधली फळी आत बसते, सांधा तडकतो. परत वर येताना हेच उलट होतं. म्हणून पुढच्या बाजूला, पाय पडणार नाही अशा जागी, रबरी वायसरसह पितळी स्क्रू बसवा. प्रवासात आणि उन्हात तो उघडा ठेवायचा, पाण्यात उतरण्याआधी आवळायचा.

गळती घरीच तपासा. स्क्रूच्या भोकातून तोंडाने हलकी हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा येईल तिथे घासून पुन्हा इपॉक्सी भरा. पंप मात्र लावू नका. जास्त दाबाने चांगले सांधेही उकलतात.