एकच कॉम्प्युटर सर्व्हरला पोहोचत नाही? एआरपी तपासताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात, हळदीचे सौदे ऐन भरात असताना, एकाच कॉम्प्युटरवर बिलिंगचा सर्व्हर दिसेना. बाकीचे तीन सुरळीत. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, रीस्टार्ट तर पाच वेळा झालं. शेवटी 'एआरपी -ए' ही कमांड चालवली. एआरपी म्हणजे आयपी पत्त्यावरून त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) शोधण्याची पद्धत; ही कमांड त्या जोड्यांचा तक्ता दाखवते. सर्व्हरच्या आयपीपुढे 'स्टॅटिक' आणि त्याला जोडलेला मॅक पत्ता होता जळून गेलेल्या जुन्या नेटवर्क कार्डाचा! पूर्वी कुणी तरी विंडोजच्या 'नेट-एसएच' कमांडने ती नोंद पक्की केली होती, म्हणून ती रीस्टार्टलाही हलली नाही. हाताने केलेली नोंद स्वतःहून बदलत नाही. हार्डवेअर बदललं की आधी तिथेच बघा.

दुसरी चूक म्हणजे लिनक्सवर 'आयपी नेबर' या कमांडच्या तक्त्यात 'स्टेल' (शिळी नोंद) दिसलं की घाबरून सगळा कॅशे (साठवलेल्या नोंदी) पुसणं. स्टेल म्हणजे बिघाड नव्हे. पत्त्याची खात्री साधारण 15 ते 45 सेकंद ताजी धरली जाते, नंतर नोंद स्टेल होते, पण वापरात राहते. पॅकेट त्याच पत्त्यावर जातं, कर्नल (लिनक्सचा गाभा) 5 सेकंद थांबतं आणि पलीकडून पोच मिळाली नाही तर थेट त्या यंत्रालाच तीनदा विचारतं. तरीही उत्तर नाही आलं, तर नोंद 'फेल्ड' (अयशस्वी) होते. कॅशे पुसून टाकलात तर हा पुरावाच जातो.

पिंग (यंत्र उत्तर देतं का, हे तपासणारी हाक) लागत नाही म्हणून यंत्र बंद आहे, असंही धरू नका. फायरवॉल पिंग अडवतो, एआरपीला सहसा हात लावत नाही. पिंग फसल्यावर लगेच तक्ता पाहा. मॅक पत्ता नव्याने आला असेल, तर केबल आणि यंत्र दोन्ही जिवंत आहेत.

तक्त्यात 'इनकम्प्लीट' (मॅक पत्ता मिळालाच नाही) दिसलं तर सबनेट मास्क (कोणते पत्ते आपल्याच नेटवर्कात आहेत ते ठरवणारा आकडा) तपासा. एआरपीची हाक राउटरपलीकडे जात नाही. मास्क चुकला की दूरचं यंत्रही शेजारी समजलं जातं, मग गेटवेला (बाहेर नेणाऱ्या राउटरला) न विचारता थेट त्यालाच हाका मारल्या जातात.

एकाच आयपीपुढचा मॅक पत्ता सारखा बदलत असेल, तर तो आयपी बहुधा दोघांना दिलाय. नवा प्रिंटर जोडताना हे हमखास होतं. प्रिंटर बंद करून पुन्हा तक्ता बघा आणि त्याचा आयपी डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेच्या) रेंजबाहेर ठेवा.