गोथेनबर्गच्या जुन्या प्रवासमित्राकडे राहायला जाताना

पंधरा-वीस वर्षांपूर्वी स्पितीच्या बसमध्ये शेजारी बसलेला स्वीडिश मित्र निरोप घेताना "कधीही ये" असे म्हणाला असेल, तर ते निमंत्रण अजूनही खरे आहे असे खुशाल समजावे. मात्र त्या 'कधीही'ला आता तुम्हीच तारीख लावायची आहे. आपल्याकडे "येऊ एकदा" म्हटले की दोन्ही बाजूंचे समाधान होते. स्वीडनमध्ये मात्र मित्राला दोन-तीन महिने आधी, थेट आणि आकड्यांसह विचारावे: कोणत्या दिवशी येणार, किती रात्री राहणार, घरी जागा आहे की जवळचे हॉटेल पाहू. त्याने "त्या दिवसांत जमणार नाही" असे उत्तर दिले, तर त्यात दुरावा शोधू नये आणि दुसरी तारीख विचारावी. उलट, तो एकदा हो म्हणाला की ते दिवस त्याने तुमच्यासाठी राखून ठेवले असे धरावे.

तारखा ठरवताना तो "आठवडा २८" असे काही लिहील. तिथे वर्षाचे आठवडे क्रमांकाने मोजण्याची सर्रास रीत आहे, आणि २८वा आठवडा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. जून ते ऑगस्टदरम्यान सलग चार आठवडे सुटी घेण्याचा हक्क नोकरदारांना कायद्यानेच असल्यामुळे जुलैमध्ये मित्र शहरात नसण्याची शक्यता बरीच असते. १९ ते २५ जून यांमधल्या शुक्रवारी येणारी मिडसमरची पूर्वसंध्या हा तर त्यांचा आपल्या दिवाळीसारखा घरचा सण. त्या दिवशी त्याने आपणहून बोलावले तर अवश्य जावे, पण स्वतः होऊन ती तारीख सुचवू नये. डिसेंबरमध्ये गोथेनबर्गला दिवसाचा उजेड जेमतेम साडेसहा तास असतो. गप्पांसाठी तो काळ मला आवडतो, फिरण्यासाठी नाही.

तारीख पक्की झाली की व्हिसाकडे वळावे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे स्वीडन-डेन्मार्कसह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा लागतो. मित्राकडे उतरणार असल्यास त्याचे निमंत्रणपत्र जोडावे. या कामासाठी त्याला निदान तीन आठवडे द्यावेत, कारण ऐन वेळी कागद मागणे त्याला संकोचाचे नसले तरी त्रासाचे निश्चित होते. डेन्मार्कही पाहणार असाल, तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा.

भेट काय न्यावी, इथे मराठी माणूस हमखास चुकतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे तूप, खवा आणि पेढे घरीच ठेवावेत. हापूसचेही तेच: बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढीच फळे त्यातून सुटतात. कढीपत्त्याच्या जुडीचा मोहही टाळावा. तिळाची चिक्की, चहा, घरचा गोडा मसाला, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे त्या जुन्या प्रवासातले एखादे छायाचित्र छापून न्यावे. चिक्की शेंगदाण्याची असेल, तर घरात कुणाला त्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारावे.

निघण्यापूर्वी मित्राचे आडनाव माहीत करून घ्यावे. हे हास्यास्पद वाटेल, पण प्रवासातले मित्र आपल्याला बहुधा पहिल्या नावानेच ठाऊक असतात, आणि तिथल्या इमारतींत जिन्याजवळच्या फलकावर आणि दारावर आडनावच असते. मुख्य दाराचा आकडी संकेतही मागून ठेवावा. सातचे जेवण म्हणजे सात. मी एकदा दहा मिनिटे आधी पोहोचलो आणि थंडीत इमारतीभोवती दोन फेऱ्या मारून वेळ काढला, तेच योग्य झाले.

घरात शिरताच बूट काढावेत, हे आपल्याला सांगावे लागत नाही. अवघड जाते ते संबोधन. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वीडिश भाषेत आदरार्थी संबोधने मागे पडली. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड या वरिष्ठ अधिकाऱ्याने आपण सर्व कर्मचाऱ्यांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार असे जाहीर केले, तो प्रसंग आजही सांगितला जातो. त्यामुळे मित्राच्या ऐंशी वर्षांच्या वडिलांनाही पहिल्या नावानेच हाक मारावी लागते. जीभ अडखळते, पण 'मिस्टर' म्हटल्याने त्यांनाच अवघडल्यासारखे होते.

खाण्याबाबत "काहीही चालेल" असे सांगू नये. मासे चालतात का, अंडी चालतात का, हे येण्याआधीच लिहून कळवावे. आग्रह होत नाही; वाढलेले हवे असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणावे, नाहीतर उपाशी उठण्याची पाळी येते. मध्येच सगळे गप्प झाले तरी काही बिनसलेले नसते.

खर्चाची एक अडचण आधीच सोडवावी. मित्रमंडळी आपापसांत स्विश या ॲपने हिशेब मिटवतात, पण त्यासाठी स्वीडिश बँकेत खाते लागते, आणि रोख रक्कम अनेक दुकाने घेतच नाहीत. म्हणून भारतातून निघतानाच कार्डाची परदेशातील वापराची सोय सुरू करून घ्यावी आणि किराणा किंवा एखादे जेवण आपल्या कार्डावर घेण्याचे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

मित्र कामावर गेला की दिवस आपला आपण घालवावा. त्याने रजा घ्यावी अशी अपेक्षा ठेवू नये. ट्रॅमने साल्टहोल्मेनच्या धक्क्यावर जाऊन फेरीबोटीने दक्षिणेकडच्या द्वीपसमूहात उतरावे. ब्रेनो, स्टिर्सो, व्रोंगो ही बेटे मोटारमुक्त आहेत आणि तिथे संध्याकाळपर्यंत चालत राहता येते. सुटीच्या दिवशी मित्र आपल्या उन्हाळी घरी नेणार असेल, तर चादर आणि टॉवेल बरोबर आणायचे का, हे विचारावे. पाहुण्याने ते स्वतः आणण्याची तिथे पद्धत आहे.

तीन रात्री पुरेशा होतात, चार फार तर. निघताना पलंगावरची चादर काढून घडी करून ठेवावी. पुढे पुन्हा भेट किंवा फोन झाला की पहिले वाक्य "टाक फॉर सेनास्ट", म्हणजे 'गेल्या भेटीबद्दल आभार', हे असावे, मग मधे कितीही महिने गेलेले असोत. आणि त्याला पुण्याला बोलवायचे असेल, तर जानेवारीतला आठवडा क्रमांकासह कळवावा.