नेपाळच्या शाळेत व्हॉलंटियर म्हणून जाताय? पहिला दिवस असा काढा

सगळ्यात आधी एक गोष्ट, पहिल्या दिवशी शिकवायचं नाही. चार्ट, फ्लॅशकार्ड, स्टिकर काय काय नेलं असेल ते सगळं बॅगेतच राहू द्या. त्या दिवशी तुमचं काम एकच, शाळा कशी चालते ते बघायचं आणि तिच्या आड यायचं नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच न्या, आधार चालत नाही (१५ वर्षांखालची मुलं आणि ६५ च्या वरचे लोक सोडून). १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, थोडे काठमांडूतच बदलून घ्या, पुढे गावात एटीएम मिळेलच असं नाही. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, मोबाइल आपोआप करतो पण मनगटावरचं राहून जातं आणि मग प्रार्थनेला उशीर. वर्षानुवर्षं तिथे शनिवारी सुट्टी आणि रविवारी शाळा अशी पद्धत आहे, तरी सध्याचं काय ते हेडसरांना आधीच विचारून ठेवा.

सिंधुपाल्चोक, गोरखा अशा डोंगरी भागात शाळा साधारण दहाला भरते. लोक त्याआधीच डाळभात जेवून घेतात, म्हणजे नऊ-साडेनऊला तुमच्यासमोर ताट येणार आणि तुम्ही चहा-बिस्किटावर निघायच्या तयारीत असणार! पोटभर जेवा, कारण दुपारी फक्त खाजा असतो, म्हणजे चिउरा (आपले पोहे, पण फोडणी न दिलेले, तसेच कोरडे) नाहीतर चाउचाउ (म्हणजे झटपट नूडल्स). आणि उष्ट्याचं तिथे आपल्या आजीइतकंच कडक आहे, तिथे त्याला जुठो म्हणतात. बाटलीला तोंड न लावता वरून पाणी प्या, आपल्या ताटातलं दुसऱ्याला देऊ नका, वाढायच्या डावाला ताटाचा स्पर्श होऊ देऊ नका.

शाळेत गेल्यावर बहुतेक गळ्यात झेंडूची माळ नाहीतर खादा (मानाचं रेशमी उपरणं) घालतील, कपाळाला टीका लावतील. लगेच काढून खिशात कोंबू नका, निदान प्रार्थना होईपर्यंत राहू द्या. भाषण करायला सांगितलं तर दोन वाक्यं पुरे, "नमस्ते, मेरो नाम अमुक हो" एवढ्यावरही पोरं खूश होतात.

मग शेवटच्या बाकावर जाऊन बसा. फळा वाचता येतो हा आपल्याला मोठा फायदा, लिपी देवनागरीच, फक्त झ वेगळा दिसतो, काही आकडेही जुन्या वळणाचे असतात आणि तारखेतलं साल २०८० च्या पुढचं बघून दचकू नका, ते विक्रम संवत. वाचता येतं म्हणून भाषा येते असं मात्र नाही, हिंदी बऱ्याच जणांना समजते पण लगेच हिंदीच सुरू करणं मला तरी बरं वाटत नाही.

फोटोचं जरा कडक सांगतो. पहिल्या दिवशी मुलांचे फोटो नकोतच. नंतर काढायचे तर शाळेला विचारून, आणि मुलांची नावं टाकून इन्स्टावर तर अजिबात नाही. चॉकलेटं वाटणंही टाळा, एकदा वाटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सर नाही, चॉकलेटवाले. वह्या-पेन्सिली नेल्या असतील तर हेडसरांच्या हातात द्या, कुणाला द्यायच्या ते त्यांना माहीत असतं.

२०१५ च्या भूकंपाचा विषय आपणहून काढू नका. प्राथमिकच्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण शिक्षकांनी तो सोसलाय, त्यांना बोलावंसं वाटलं की ते बोलतील.

चारच्या सुमारास शाळा सुटली की लगेच पळू नका, शिक्षकांसोबत चिया (म्हणजे चहा) घ्या आणि तेवढ्यात तीन गोष्टी विचारून घ्या: उद्या माझा तास कुठला, वर्गात मुलं किती, आणि पुस्तक कुठल्या पानापर्यंत झालंय. जमलं तर ते पुस्तक रात्रीपुरतं मागून न्या, आणि कुठला चार्ट बाहेर काढायचा हे ते पान वाचून मगच ठरवा.