वाचाघातानंतर घरच्यांनी बोलायचं कसं

अर्धांगवायूच्या झटक्यातून माणूस शुद्धीवर येतो, घरच्यांना ओळखतो, पण पाणी मागताना 'ते... ते...' करत अडतो किंवा भलताच शब्द बोलून जातो. याला वाचाघात म्हणतात. रुग्णालयाच्या कागदांवर 'अफेजिया' असं लिहिलेलं असेल. झटका आलेल्या दर तीन जणांपैकी साधारण एकाला तो होतो. 'यांना काही कळत नाही' असं समजून लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलू लागतात. त्यातलं बरंचसं त्यांना कळत असतं.

बिघाड नेमका कुठे आहे?

1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे 'तान' एवढाच उच्चार करू शकणारा एक रुग्ण आला. दुसऱ्याचं बोलणं त्याला बऱ्यापैकी समजत होतं. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा दिसली. 1874 साली कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला: भडाभडा बोलणारे, पण अर्थ न लागणारे आणि दुसऱ्याचं न समजणारे रुग्ण. त्यांची इजा डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला होती. भाषेचं काम या दोनच जागांवर चालत नाही, ते मेंदूभर पसरलेल्या जाळ्यातून होतं, हे आता माहीत आहे. उजव्या हाताने कामं करणाऱ्या सुमारे 95 टक्के लोकांत हे जाळं मुख्यतः डावीकडे असतं. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणूनच वाचाघातासोबत बऱ्याचदा उजवा हात-पाय लुळा पडतो.

समोर पळी दिसली की मेंदू आधी ती वस्तू ओळखतो, मग शब्द निवडतो ('ती' पळी, हे लिंगही तेव्हाच ठरतं), मग अक्षरं क्रमाने लावतो आणि शेवटी जीभ-ओठांना हुकूम सोडतो. निरोगी माणसाला चित्राचं नाव सांगायला साधारण 600 मिलिसेकंद लागतात. या साखळीची कुठली कडी तुटली, हे चुकीवरून कळतं. पळीला 'चमचा' म्हटलं तर अर्थाच्या शेजारचा शब्द हाती आला. 'पळी'चं 'ळपी' झालं तर शब्द सापडला, पण अक्षरं उलटसुलट लागली. जवळजवळ प्रत्येक उच्चार अडखळत, लडबडत येत असेल आणि वाक्य मात्र बरोबर असेल, तर तो वाचाघात नसून जिभेच्या स्नायूंचा अशक्तपणा असू शकतो. त्याचे व्यायाम वेगळे असतात, म्हणून हे स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घ्या.

'बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा,' ही सूचना सहसा फुकट जाते. वाचाघातात लिहिणं-वाचणंही बिघडतं, कारण शब्द तिथेही त्याच साखळीतून यायचा असतो.

तुम्ही बोलताना

टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकानेच बोला. वाक्य छोटं ठेवा, पण आवाज चढवू नका आणि लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका. 'जेवण झाल्याशिवाय औषध घेऊ नका' या वाक्यात दोन नकार आणि दोन कामं आहेत. त्याऐवजी 'आधी जेवण' म्हणा, ताटाकडे बोट दाखवा, थांबा. मग 'नंतर औषध'.

मराठीत आणखी एक अडचण आहे. 'सुमनला रमाने बोलावलं' यात कोणी कोणाला बोलावलं हे फक्त 'ला' आणि 'ने' सांगतात, आणि वाचाघातात हे प्रत्ययच निसटतात. ऐकणारा शब्दांच्या क्रमावर विसंबतो आणि अर्थ उलटा लावतो. म्हणून करणारा आधी ठेवा: 'रमाने सुमनला बोलावलं'. रुग्णाच्या तोंडूनही 'मी... बाजार... भाजी' असं तुटक येईल. आशय कळला असेल, तर व्याकरण दुरुस्त करत बसू नका.

घरात मालवणी किंवा अहिराणी बोलत असाल, तर तीच बोला. चमच्याऐवजी 'स्पून' आला तर तोही चालेल.

शब्द अडला की

आधी दहा सेकंद गप्प राहा. हे सगळ्यात अवघड आहे, पण मध्येच तुम्ही शब्द टाकलात की त्यांचा शोध तुटतो. नाहीच आला, तर उपयोग सांगा: 'वरण वाढायला लागते ती...'. तरी नाही आला, तर पहिलं अक्षर द्या: 'प...'. पहिला इशारा अर्थाच्या बाजूने मदत करतो, दुसरा आवाजाच्या. कोणता जास्त कामी येतो ते वहीत लिहून ठेवा, थेरपिस्टला त्याचा खूप उपयोग होतो. दोन्ही हुकले तर शब्द तुम्हीच म्हणा, त्यांना एकदा सोबत म्हणू द्या आणि पुढे जा. दिवसभर 'हे काय? ते काय?' विचारत राहणं हा सराव नव्हे, छळ आहे. ठरवून सकाळी 15-20 मिनिटं, थकवा नसताना, रोजच्या वापरातल्या चार-पाच वस्तू घेऊन बसा. आधीच्या वस्तूचं नाव पुढच्या वस्तूलाही चिकटून येत असेल, तर मध्ये अर्धा मिनिट थांबा.

'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल फार होते. त्यात आपली मान डोलावण्याची तऱ्हा अशी, की धडधाकट माणसाचाही होकार-नकार कळत नाही. 'चहा हवा?' ला 'हो' आलं, तर 'कॉफी हवी?' असंही विचारा. त्यालाही 'हो' आलं, तर दोन्ही कप समोर ठेवा. चित्रांची कार्डं वापरत असाल, तर सुरुवातीला दोनच ठेवा, तीही एकाखाली एक. डाव्या मेंदूच्या इजेत काहींना उजव्या बाजूचं दिसत नाही, आणि आडवी मांडली तर उजवीकडचं कार्ड त्यांच्यासाठी नसतंच.

आरती, पाढे, वारांची नावं सलग म्हणता येतात, पण 'आज कोणता वार?' याचं उत्तर येत नाही, हे पाहून घरचे गोंधळतात. पाठ झालेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. त्याच वाटेने शिव्याही येतात, कधी न दिलेल्या आजींच्या तोंडूनसुद्धा. रागावू नका. सुरात म्हणवून घेण्याचा उपचार या निरीक्षणाशी जोडलेला आहे. तो शिकून मगच करा, नुसती गाणी लावून बोलणं सुधारत नाही.

भरभर पण निरर्थक बोलणाऱ्याला आपलं चुकतंय हे बहुधा कळत नसतं. तिथे वाद घालू नका. हाताने 'थांबा' दाखवा, वस्तू दाखवा, हातवारे वापरा.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पुढे संथपणे वर्षानुवर्षं चालू राहू शकते. मुंबईत नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था, तर राज्याबाहेर मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, इथे वाचा-उपचार मिळतात. बोलणं एकाएकी पुन्हा ढासळलं, तर तो नवा झटका असू शकतो. थेरपिस्टची वाट पाहू नका, लगेच 108 ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध सहसा झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

परगावच्या-परदेशातल्या नातेवाइकांना साधा फोन करायला लावू नका. फोनवर चेहरा नाही, हातवारे नाहीत, त्यामुळे तिथे सर्वांत जास्त अडतं. व्हिडिओ कॉल करा, आणि पलीकडच्याला आधीच सांगून ठेवा: एका वेळी एकच प्रश्न, मग गप्प.